मूर्तीवर न बसलेला रंग

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आषाढ लागला की ठाणे पूर्वेला, आमच्या कोपरीत, काही घरांमधून संध्याकाळी एक बारीक घरघर ऐकू येऊ लागते. ती कॉम्प्रेसरची असते. पेणहून टेम्पोने आलेल्या कच्च्या, म्हणजे न रंगवलेल्या, लहान गणेशमूर्ती बाहेरच्या खोलीत रांगेने मांडलेल्या असतात. नोकरीवरून परतलेला घरचा मुलगा, नाहीतर स्वयंपाकपाणी उरकलेली सून, हातात एअरब्रश घेऊन त्यांना रंग देत असते. गणपती गेले की दिवाळीच्या किल्ल्यांवरचे बोटभर उंचीचे मावळे आणि पहारेकरी याच खोलीत येतात. उरलेल्या वर्षात प्लास्टिकची विमाने आणि रणगाडे जोडून रंगवणारी मुले हेच हत्यार वापरतात. मी स्वतः या विमानांपासून सुरुवात करून गणपतींपर्यंत पोचलेला माणूस आहे. तेव्हा आज जे सांगणार आहे, ते मी कामाला बसून पाहिलेले आहे.

मूर्तीवर बसलेला रंग सगळ्यांना दिसतो. गालावरची गुलाबी छटा, पीतांबराच्या निऱ्यांतला गडद होत गेलेला पिवळा रंग पाहून आपण कारागिराचे कौतुक करतो. आज मला बोलायचे आहे ते मूर्तीवर न बसलेल्या रंगाबद्दल. या कामातले लोक त्याला ‘ओव्हरस्प्रे’ म्हणतात, कुणी नुसते ‘धुरळा’ म्हणतात. हा धुरळा जातो कुठे?

आधी हत्याराविषयी थोडेसे. एअरब्रश पेनासारखा हातात धरायचा असतो. पुढच्या तोटीचे भोक साधारण ०.२ ते ०.५ मिलिमीटरचे. मागून दाबाने हवा येते आणि ती रंगाचे अतिशय बारीक तुषार करून पुढे फेकते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत हे हत्यार तयार झाले. आयोवातल्या अ‍ॅब्नर पीलर यांचे १८७९चे यंत्र त्याच्या मूळ पुरुषांपैकी एक मानले जाते. छायाचित्रांवर हात फिरवण्यासाठी त्याचा पुष्कळ उपयोग झाला. छायाचित्र म्हणजे सपाट कागद. फवारा कुठेही मारला तरी समोर कागद आहेच. मूर्तीचे तसे नाही. चार हात, सोंड, परशू, प्रभावळ, आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा. मावळ्याच्या भाल्यावर फवारा मारला तर भाल्यावर बसतो तो एक कण आणि बाजूने निघून जातात ते दहा.

रंगाच्या धंद्यात एक ठोकताळा आहे. नेहमीच्या स्प्रे गनमधून निघालेल्या रंगापैकी सुमारे तिसरा हिस्साच वस्तूवर टिकतो. कमी दाबाने आणि जास्त हवेने चालणाऱ्या सुधारित गनकडून ६५ टक्क्यांची अपेक्षा ठेवतात. हे आकडे दारे, कपाटे, मोटारी अशा मोठ्या पृष्ठभागांचे आहेत. वस्तू जितकी लहान आणि नक्षीदार, तितका वाया जाणारा हिस्सा मोठा. म्हणजे वाटीभर रंग संपला तेव्हा त्यातला बराचसा रंग मूर्तीखेरीज दुसरीकडे गेलेला असतो.

तो खाली पडतो असे आपण धरून चालतो. टेबलावर वर्तमानपत्र पसरले की काम झाले, असे वाटते. इथे थोडे गणित करू. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. शंभर मायक्रॉनचा थेंब स्तब्ध हवेत दीड मीटर उंचीवरून पाच-सहा सेकंदांत जमिनीवर येतो. दहा मायक्रॉनच्या थेंबाला तेच अंतर यायला सुमारे ८ मिनिटे लागतात. आणि एक मायक्रॉनच्या कणाला १२ तास! तोही हवा हलली नाही तर. आपल्या घरात पंखा फिरत असतो, माणसे ये-जा करत असतात. शिवाय थेंब उडता उडता वाळतो, त्यातले पाणी किंवा थिनर निघून जाते आणि तो आणखी हलका होतो. म्हणजे वर्तमानपत्रावर पडतो तो जाड, बिनधोक्याचा रंग. जो डोळ्यांना दिसत नाही तो हवेतच राहतो, आणि दहा मायक्रॉनहून बारीक कणांनाच आपल्या श्वासाबरोबर छातीत खोल जाण्याची मुभा असते.

संध्याकाळी आठला कॉम्प्रेसर बंद झाला आणि दहाला त्याच खोलीत गाद्या घातल्या, की घरातले लहान मूल रात्रभर त्या हवेत झोपते. एका खोलीच्या किंवा दोन खोल्यांच्या घरात कारखाना आणि बिछाना यांच्यामध्ये भिंत नसते. म्हणून मोठ्या कारखान्यापेक्षा लहान घराने या गोष्टीचा विचार जास्त करायला हवा.

आता एक गैरसमज. ‘आम्ही पाण्यात मिसळणारा रंग वापरतो, वासच येत नाही,’ असे पुष्कळजण सांगतात. पाण्याचा रंग केव्हाही चांगला, यात शंका नाही. थिनरची वाफ टळते, आगीची भीती टळते. पण वास येतो तो वाफेचा. कणांना वास नसतो. अ‍ॅक्रिलिक रंगातले रंगद्रव्य आणि त्याला धरून ठेवणारे प्लास्टिकसारखे चिकट द्रव्य वाळून हवेत तरंगतच असते. नाकाला कळले नाही म्हणून फुप्फुसाला कळत नाही असे नाही.

रंगात काय आहे हेही महत्त्वाचे. भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम लागू झाला. हा नियम कारखान्यांत वापरायच्या औद्योगिक रंगांना नाही. तेव्हा सुट्या डब्यातून आणलेला, वर लेबल नसलेला झगझगीत पिवळा किंवा शेंदरी रंग फवारण्याआधी दोनदा विचार करावा. शिशाचा पिवळा नुसता दिसायला सुंदर असतो. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो हे जगभर मान्य झालेले आहे. दागिन्यांचा सोनेरी रंग म्हणजे बहुधा तांबे-जस्ताची अतिशय बारीक भुकटी. ती फवारण्यापेक्षा कुंचल्याने लावावी. मुकुट, कंठी, तोडे यांना कुंचला पुरतो, आणि सोनेरी रेघ हाताने ओढलेलीच चांगली दिसते. हार्डनर मिसळायचे दोन डब्यांचे पीयू रंग, जे मोटारींना मारतात, ते घरात फवारूच नयेत. त्यातल्या आयसोसायनेटमुळे दमा जडतो आणि एकदा जडला की थोड्याशा वासानेही उठतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८९ सालीच रंगाऱ्याच्या व्यवसायातील संपर्काला कर्करोगकारक ठरवले. ते वर्षानुवर्षे रोज रंगात काम करणाऱ्यांबद्दल आहे. हौसेने पाच मूर्ती रंगवणाऱ्याने घाबरून एअरब्रश माळ्यावर टाकायचे कारण नाही. पण हंगामाला दोनशे मूर्ती करणारी सून हौशी राहिलेली नसते. ती कामगारच असते, फक्त तिला कुणी कामगार म्हणत नाही.

आणि आग. गणपतीचे काम म्हणजे देवाचे काम. शेजारीच देवघर, त्यात समई नाहीतर निरांजन. पलीकडे स्वयंपाकाचा गॅस. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि ज्योतीपर्यंत पोचू शकते. अ‍ॅसिटोनची वाफ तर शून्याखाली २० अंश तापमानालाही पेट घेऊ शकते, मग आपल्याकडच्या ३० अंशांत काय सांगावे? थिनरचा रंग मारायचा असेल त्या वेळी दिवा विझलेला आणि गॅस बंद असलाच पाहिजे. देव रागावणार नाही.

हे सगळे ऐकल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘मास्क कुठला घ्यावा?’ मला वाटते, मास्कचा क्रम शेवटी लागतो. मास्क एका माणसाला वाचवतो, खोलीला नाही. आधी रंग उडणेच कमी करावे, मग उडालेला जागीच पकडावा, मग उरलेला बाहेर काढावा आणि तरीही जे राहील त्याच्यासाठी मास्क.

रंग उडणे कमी करायला पैसे लागत नाहीत. दाब कमी ठेवावा. लहान मूर्तीला १५ ते २५ पौंड दाब पुरतो. ४० पौंडाला रंग मूर्तीवर आपटून परत उडतो. रंग नीट पातळ करावा, म्हणजे कमी दाबावर चालतो. एअरब्रश जवळ, दोन-तीन इंचांवर धरावा. लांबून मारलेला रंग वाटेतच वाळतो आणि मूर्तीवर खरखरीत बसतो. मूर्तीची कड संपण्याआधी बोट सोडावे. मूर्ती फिरत्या पाटावर ठेवून मूर्तीच फिरवावी, आपण तिच्याभोवती फिरू नये. म्हणजे फवाऱ्याची दिशा कायम एकच राहते. पांढरा पहिला हात तर रुंद कुंचल्यानेही देता येतो. सगळ्यात जास्त रंग त्यातच उडतो.

दिशा एकच राहिली की रंग पकडता येतो. त्यासाठी एक खोके करावे. प्लायवूडचे करा, जाड पुठ्ठ्याचे करा. थर्माकोलचे मात्र करू नका, ते थिनरने विरघळते आणि भडकन पेटते. पुढची बाजू उघडी, मागच्या बाजूला गाळणी, गाळणीमागे पंखा आणि पंख्याला खिडकीपर्यंत नळी. मूर्ती खोक्याच्या आत ठेवायची आणि फवारा नेहमी गाळणीच्या दिशेने मारायचा. गाळणी म्हणून एअर कंडिशनरच्या किंवा चिमणीच्या दुकानात मिळणारी, न विणलेल्या पॉलिएस्टर धाग्यांची जाड गादी चालते. मोटारी आणि फर्निचर रंगवणाऱ्या मोठ्या कारखान्यांत हेच काम पाण्याच्या वाहत्या पडद्याकडून करून घेतात.

पंखा केवढा? खोक्याच्या तोंडाशी हवा मिनिटाला सुमारे १०० फूट वेगाने आत गेली पाहिजे, हा सर्वसाधारण दंडक. तोंड २ फूट रुंद आणि दीड फूट उंच असेल तर क्षेत्रफळ ३ चौरस फूट. म्हणजे मिनिटाला ३०० घनफूट हवा. आपल्याकडे पंख्याच्या खोक्यावर ताशी घनमीटर लिहिलेले असतात, त्या हिशेबात सुमारे ५१०. गाळणी आणि नळी वाटेत आली की पंख्याचा दम कमी होतो, म्हणून दीडपट क्षमतेचा घ्यावा. न्हाणीघरातला पात्यांचा साधा पंखा गाळणीपुढे लवकर हरतो, ब्लोअर टिकतो. आणि थिनरचा रंग मारणार असाल तर ज्याची मोटर हवेच्या वाटेत येते असा पंखा वापरू नका. मोटरमधली एक ठिणगी पुरे होते.

पंखा हवा बाहेर टाकणार, तर तितकीच आत यायला हवी. पावसाळ्यात आपण नेमके उलटे करतो. झड आत येते म्हणून खिडक्या बंद, मूर्तीवर धूळ बसते म्हणून दार बंद. मग पंखा नुसता गरगरतो आणि हवा जागची हलत नाही. पंख्याच्या समोरच्या बाजूचे दार किंवा खिडकी चार बोटे तरी उघडी ठेवावी. दहा बाय दहाच्या, ९ फूट उंच खोलीत ९०० घनफूट हवा असते. मिनिटाला ३०० घनफूट हवा खरोखर बाहेर गेली तर दर तीन मिनिटांना खोलीभर नवी हवा येते. काम संपल्यावरही पंधरा-वीस मिनिटे पंखा चालू ठेवावा. छताचा पंखा मात्र बंद. तो धुरळा खोक्यात जाऊ देत नाही, घरभर वाटत बसतो.

खाडीकाठच्या दमट हवेचाही एक उपद्रव आहे. आपल्याकडे श्रावणात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचते आणि ते रंगाबरोबर मूर्तीवर थुंकल्यासारखे उडते. शाडू कच्ची माती, ती पाण्याने फुगते. ते झाले की माणूस दाब वाढवतो, पुन्हा हात मारतो, आणि धुरळा दुप्पट होतो. पाणी अडवणारी छोटी बाटली नळीला लावली आणि टाकी रोज रिकामी केली तर हा सगळा प्रकार टळतो. काहीजण जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर वापरतात. तो आवाज करत नाही हे खरे, पण हवेबरोबर तेलाचे बारीक तुषारही सोडतो. त्यालाही गाळणी हवी आणि दाब मर्यादेत ठेवणारी झडप तर हवीच.

आता बाहेर टाकायचे म्हणजे कुठे? कोपरीतल्या जुन्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की माझी खिडकी म्हणजे समोरच्याची वाळण. आमच्या ओळखीच्या एका मुलाने हौसेने पंखा बसवला, गाळणी मात्र बसवली नाही. चार दिवसांनी समोरच्या काकू खिडकीतून म्हणाल्या, “अरे, तुझा बाप्पा आमच्या ह्यांच्या सदऱ्यावर उतरलाय बघ!” पांढऱ्या सदऱ्यावर शेंदरी ठिपके. काकू समजूतदार, म्हणून हसण्यावारी गेले. पण त्यांनी मोलाची गोष्ट सांगितली. सदऱ्यावर दिसले म्हणून कळले. काकूंच्या नाकात गेले ते कुणाला दिसले? गाळणी आपल्याइतकीच शेजाऱ्यासाठी असते. ती रंगाने भरली की पंख्याचा आवाज बदलतो आणि ओढ कमी होते. तेव्हा ती बदलायची, झटकून परत लावायची नाही. आणि एक लक्षात ठेवावे, ही गाळणी कण धरते, थिनरची वाफ धरत नाही. समोर दहा फुटांवर दुसऱ्याची खिडकी असेल तर पाण्याच्या रंगाखेरीज दुसरा मार्ग मला दिसत नाही.

आता मास्क. २०२० नंतर ‘एन-९५’ हा शब्द घराघरांत पोचला. पाण्याच्या रंगाला तो योग्य आहे. सैलसर कापडी किंवा शस्त्रक्रियेचा मास्क बाजूंनी हवा आत घेतो, त्याचा उपयोग थोडा. दाढी असेल तर एन-९५ही नीट बसत नाही. थिनरच्या वाफेपुढे मात्र एन-९५ काही करू शकत नाही; तिथे कोळशाच्या डब्या लावलेला रबरी मास्क लागतो. तो घातलेला असतानाही वास येऊ लागला की डब्या संपल्या असे समजावे.

शेवटी साफसफाई. बरेचजण खोक्यात नीट काम करतात आणि रंग बदलताना एअरब्रश धुऊन थिनरचा फवारा खोलीत मोकळा सोडतात. तो झाकणाला भोक पाडलेल्या बरणीत सोडावा. वाळलेला धुरळा केरसुणीने झाडू नये, कॉम्प्रेसरच्या हवेने तर मुळीच उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावा. धुण्याचे पाणी लगेच मोरीत न ओतता बादलीत रात्रभर ठेवावे. तळाशी बसलेला गाळ वाळवून वेगळा बांधून द्यावा. मोरीतून गेलेले पाणी अखेर जायचे तिथेच जाते, आणि खाडी आपल्यापासून फार लांब नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये मूर्तींबाबत सुधारित सूचना काढल्या आणि विसर्जनानंतर पाण्यात काय मिसळते याची चर्चा गावोगाव झाली. ती व्हायलाच हवी होती. पण विसर्जनाच्या कितीतरी आधी तोच रंग माणसांच्या छातीत जातो, त्याची चर्चा मी फारशी ऐकलेली नाही. पेणला, हमरापूर-जोह्याला, तसेच आपल्याकडच्या गल्लीबोळांत, या रंगकामावर अनेक घरांची वर्षाची जमाखर्चाची तोंडमिळवणी होते. कुणी हे काम सोडावे असे मी म्हणणार नाही. एक खोके, एक पंखा आणि महिन्याला दोन गाळण्या यांचा खर्च मूर्तीच्या किमतीत धरावा आणि घेणाऱ्याने तो देताना घासाघीस करू नये, एवढेच म्हणेन.

या हंगामात पहिला हात देण्याआधी एक चाचणी जरूर करा. रंग आणि थिनर दूर ठेवा, पंखा लावा आणि पेटलेली उदबत्ती खोक्याच्या तोंडाशी, चारी कोपऱ्यांत धरा. धूर सरळ आत ओढला गेला तर कामाला बसा. तो रेंगाळला, वर चढला किंवा तुमच्या तोंडाकडे आला, तर त्या दिवशी कॉम्प्रेसर लावू नका. आधी दार उघडा, गाळणी पाहा, पंखा पाहा. धूर आत जाऊ लागला की मगच रंग कालवा.